दोर धरलात तर वाटो

रापणीचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती द्यायचा, होडीने समुद्रात मोठा वळसा घालत जाळं सोडत जायचं आणि दुसरा दोर बराच लांब पुन्हा वाळूवर आणून टाकायचा. मग उरतं फक्त ओढणं. यातलं ‘फक्त’ खुर्चीत बसून बघणाऱ्याचं.

आम्ही दोघं खुर्चीतच होतो. देवबागला आलो होतो ते काही न करायला. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली ओलांडली की जमीन चिंचोळी होत जाते: एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माड, घरं आणि एक रस्ता. पर्यटकांची झुंबड नदीच्या बाजूला, संगमाकडे. तिथे डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी आणि पाण्यावरच्या स्कुटरी. समुद्राच्या अंगाला त्यामुळे निवांतपणा असतो. घावणे खाऊन आम्ही माडाच्या सावलीत बसलो. ह्यांनी पुस्तक उघडलं, पण पान काही उलटेना. डोळे दोरावर होते.

ओढणारे समुद्राकडे तोंड करून, कमरेचा पट्टा दोरात अडकवून, टाचा वाळूत रोवत उलटे चालत होते. हाताने ओढलं तर खांदे पहिल्या तासातच भरून येतील. इथे ओढते ती माणसाची सगळी वजनदार पाठ. रांगेतला शेवटचा वर पोचला की पट्टा सोडवून खाली पाण्याकडे जायचा आणि पुन्हा पहिला व्हायचा. एक पोरगा आलेल्या दोराची वेटोळी रचत होता. लांबवर दुसरी रांग हेच करत होती, आणि दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकत होत्या.

मधे उभा असलेला म्हातारा कशालाच हात लावत नव्हता. तो फक्त ओरडत होता. मला आधी वाटलं, असा एक सगळीकडेच असतो. पण त्याची नजर पाण्यावरच्या तरंग्यांच्या ओळीवर होती. एक बाजू मागे राहिली की जाळं वाकडं येतं आणि ढिल्या अंगाने मासळी निसटते. जाळ्याची खालची, शिसं लावलेली कड तळाला घासतच यायला हवी, ती उचलली गेली की खालून वाट मोकळी. म्हणून तो कधी ह्या रांगेला थांबवायचा, कधी त्या रांगेला शिव्या घालायचा.

आमच्याकडेही त्याचं लक्ष होतं. “बघतास काय? येवा, दोर धरा. वाटो गावतलो!”

“अहो, टोपी तरी घाला,” म्हणेपर्यंत हे वाळूत उतरले होते. थोड्या वेळाने मीही गेले. दोर ओला, खरखरीत आणि कमालीचा हट्टी. आपण ओढतोय असं वाटतं, आणि एक लाट मागे फिरली की मिळवलेलं सगळं परत घेते. लाट आत येताना ओढायचं, मागे जाताना नुसतं धरून ठेवायचं, हे शेजारच्या बाईने एका शब्दाविना, कोपराने ढोसून शिकवलं.

शेवटी घाई उडाली. काही जण छातीभर पाण्यात शिरून जाळ्याची खालची कड पायांनी दाबू लागले, काही जण पाणी बडवू लागले, म्हणजे मासळी तोंडाकडे न पळता मधल्या बारीक आसाच्या खोळीत जावी. खोळ वाळूवर आली. तारली, पेडवे, थोडे बांगडे, एक पाकट, थुलथुलीत जेलीफिश आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. पाट्या घेऊन थांबलेल्या बायकांच्या चेहऱ्यांवरून कळलं, आजचं काम बेताचंच.

रापणीचा हिशेब वाट्यांवर चालतो. ओढणाऱ्याचा वाटा, जाळ्याचा, होडीचा. मासळी कमी तर सगळ्यांनाच कमी. कमी का, हे विचारलं की उत्तर एका शब्दात येतं: पर्ससीन. यांत्रिक बोटी मोठ्या जाळ्याने थवाच्या थवा वेढून उचलतात, किनाऱ्याजवळ यायला उरतं काय? राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, १९८१च्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती करून २०२१मध्ये दंडही वाढवले. गोव्यात मथानी साल्ढाणा यांनी रापणकारांना घेऊन यांत्रिक बोटींविरुद्ध लढा उभारला तो सत्तरच्या दशकात, म्हणजे भांडण जुनंच. मला यात रापणकारांची बाजू खरी वाटते. ज्या जाळ्याला ओढायला अख्खी वाडी लागते, ते समुद्र रिकामा करू शकत नाही.

आम्हाला पिशवीत मूठभर पेडवे आणि चार बांगडे मिळाले. ह्यांनी ती पिशवी घरापर्यंत स्वतः आणली, माझ्या हाती दिली नाही. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकींनी पिशवीत डोकावून बघितलं.

“ह्यो वाटो ओढल्याचो, काय फुकटचो?”

ह्यांनी सोललेले तळवे पुढे केले.

“मगे बांगड्याचा तिखला करतंय,” काकी म्हणाल्या, “पेडवे मात्र तुम्ही साफ करा.”