'कोरोना बॅच' आणि टक्क्यांचं गणित

थर्ड इयरला आल्यापासून धायरीच्या आमच्या हॉस्टेलवर एकच विषय चालू आहे : प्लेसमेंटचा फॉर्म! त्यात दहावीच्या टक्क्यांचा एक रकाना असतो. माझा आकडा बघून सीनियर्स म्हणतात, "तुमचं काय बाबा, कोरोना बॅच!" चिडवा खुशाल, पण हे टक्के बनले कसे ते तरी बघू. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

२०२१ साली राज्य मंडळाने दहावीची परीक्षा रद्द केली. मग शंभरातले ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० शाळेने दहावीत घेतलेल्या लेखी चाचण्यांवरून आणि २० गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकांवरून दिले. म्हणजे नववीत, जेव्हा कुणी सीरियसली अभ्यास करत नाही, तेव्हाच आमची अर्धी दहावी उरकली होती आणि आम्हाला पत्ताच नाही! राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. अकरावीला प्रवेश कसा द्यायचा म्हणून सरकारने वेगळी सीईटी ठरवली, तीही १० ऑगस्टला हायकोर्टाने रद्द केली.

पण आकडे उड्या मारतात ते काही फक्त कोरोनामुळे नाही. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ चा ७७.१०. एका वर्षात राज्यातली मुलं 'ढ' झाली का? त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला होताच, शिवाय भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले होते. आता हिशोब करा. पास व्हायला ३५ लागतात. शाळेने तोंडीला १८ दिले, तर ८० च्या पेपरात १७ पुरतात. तोंडीच नसेल, तर पूर्ण ३५ पेपरातूनच काढायचे. पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले, लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरीने गुण मिळाले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के!

लॅबमध्ये मीटर बदलला तर आपण आधी कॅलिब्रेशन बघतो, नाहीतर सर जर्नलवर सही करत नाहीत. इथे मीटर दरवर्षी बदलला आणि रीडिंग मात्र एकाच रकान्यात. एमएचटी-सीईटीत वेगवेगळ्या शिफ्टचे पेपर कमी-जास्त अवघड असतात, म्हणून तिथे २०१९ पासून पर्सेंटाइल देतात : तुमच्या मागे किती जण, एवढंच. त्यातून तुम्हाला काय येतं ते कळत नाही, पण तुलना तरी बरोबरीच्यांत होते.

आमच्या मेसमध्ये एम.ई. करणारी एक ताई आहे, २०१९ ची दहावी. तिला ५८ टक्के. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची अट असते 'थ्रूआउट साठ'. फॉर्ममध्ये पासिंगचं वर्ष विचारतात, पण साठची रेघ सगळ्या वर्षांना तीच. बारावी, बी.ई. सगळीकडे फर्स्ट क्लास असूनही ती दाराबाहेर, आणि आम्ही आत.

प्लेसमेंट सेलच्या सरांना एक विनंती आहे. कंपन्यांना जी यादी पाठवता, त्यात दहावीच्या टक्क्यांशेजारी त्या वर्षीचा राज्याचा निकाल छापता येईल का? एक्सेलमध्ये एक कॉलम वाढेल फक्त. टाईप करायला मी येते.