माडगीच्या बेटावर, मदत येईपर्यंत

तुमसरजवळ माडगीला वैनगंगेच्या पात्रातच खडकाळ टेकडी आहे आणि तिच्यावर नृसिंहाचं मंदिर. कार्तिक पौर्णिमेला इथं मोठी यात्रा भरते. पावसाळ्यात मात्र नदी फुगली, वर शिवनी जिल्ह्यात संजय सरोवराचे दरवाजे उघडले, की टेकडीचं बेट होतं. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस भंडारा जिल्ह्यातली कितीतरी गावं अशीच पाण्यात अडकली होती.

पावसाळ्याआधी नदीकाठी होणारी बचावाची रंगीत तालीम मी जवळून पाहिली. ढिवर समाजातले एक काकाजी तेलाचा रिकामा डबा घेऊन बसले होते. झाकण गच्च लावून त्यांनी डबा दोन्ही हातांनी दाबला आणि झाकणाची कड गालापाशी नेली. गालाला वारा लागला की तो डबा बाद. टिकलेले डबे दोरीनं छाती-पाठीशी बांधून पोरं पाण्यात उतरली. बुडणाऱ्याला मागूनच धरायचं. "समोरून जाऊ नोको बाबू, तो तुलेबी बुडवते," काकाजी पुन्हा पुन्हा बजावत होते.

भूकंपाचं नाव निघालं तेव्हा मात्र मंडळी सैलावली. आपल्याकडं कुठला आलाय! पण 22 मे 1997 ला जबलपूर हादरलं, 4 डिसेंबर 2024 ला तेलंगणातलं मुलुगू. दोन्ही धक्के विदर्भात जाणवले. किल्लारीत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली. नदीकाठी मातीच्या भिंतींची, कवेलूंची घरं अजून आहेत. तिथं खाट भिंतीपासून लांब हवी, फळीवरची जड भांडी खाली हवीत. जमीन हलत असताना पळायचं नाही. भक्कम टेबलाखाली शिरायचं, नाहीतर डोकं झाकून खाली बसायचं. बेटावर तर सगळे एकदम डोंग्याकडं धावले, तर भूकंपातून वाचलेले नदीत जातील.

फोन 112 ला करा, रुग्णवाहिकेसाठी 108 ला, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी 1077 ला. "लवकर या" एवढ्यानं भागत नाही. गाव कोणतं, माणसं किती, त्यात म्हातारी आणि गरोदर किती, नाव कुठं लागेल, हे सांगा.

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचं पथक नागपूरहून यायला वेळ लागतोच. तोवर पाण्यात असतो तो गावचा डोंगेवाला. म्हणून पहिलं लाइफ जॅकेट त्याला द्या, आणि मृग लागायच्या आत त्याचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहा.