रव्याच्या ताटातील अक्षरे

घरातील कर्ती माणसे पेढीवर गेली, की दुपारपर्यंत घरात आजी आणि नातवंडाचेच राज्य असते. आजी रवा चाळावयास बसतात आणि दीड वर्षाचे बाळ दुडुदुडु येऊन ताटात हात घालते. बहुतेक घरांत तो हात मागे ओढला जातो. एखादी आजी मात्र ताट हलवून रवा सारखा करते, बाळाचे बोट धरून त्यात एक मोठा ‘म’ काढते आणि ओठ मिटून, उघडून ‘म’ म्हणते. ताट पुन्हा हलवले, की अक्षर नाहीसे होते. बाळ खिदळते आणि बोट पुढे करते.

ही पद्धत नवी नाही. पूर्वी पाटीवर धूळ पसरून मुले बोटाने अक्षरे गिरवीत. ‘धुळाक्षरे’ हा शब्द तेथूनच आला. ‘ओनामा’ हेही ‘ॐ नमः सिद्धम्’ याचेच बोलीतील रूप. जैन परंपरेत तर लेखनाचा आरंभच घरात झालेला आहे. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकवली, अशी कथा आहे. तेथे शाळा नव्हती. पिता होता आणि दोन मुली होत्या.

आज मूल अडीच-तीन वर्षांचे झाले, की इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जाते आणि देवनागरी मागे पडते. पुढे हेच मूल भक्तामर स्तोत्र रोमन लिपीत छापलेल्या पुस्तिकेतून म्हणू लागते. साध्या रोमन लिपीत ‘त’ आणि ‘ट’, ‘न’ आणि ‘ण’ यांना एकच अक्षर, त्यामुळे उच्चारही बिघडतो. आजोबांनी देवनागरीत लिहिलेली रोजकीर्द तर त्याच्या लेखी नुसती नक्षी. हे नुकसान ताळेबंदात दिसत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.

यावरचा उपाय शिकवणी नव्हे, खेळ होय. आणि खेळाचा आरंभ अक्षरापासून नव्हे, ध्वनीपासून व्हावा. वर्णमालेतील ‘क’ पासून ‘म’ पर्यंतची पंचवीस व्यंजने कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांच्या क्रमाने मांडलेली आहेत. हा क्रम व्याकरणकारांचा. सहा-सात महिन्यांचे बाळ बडबडू लागते, तेव्हा त्याच्या तोंडी बहुधा शेवटच्या ओळीतले ‘ब’, ‘म’, ‘प’ आधी येतात. म्हणून आरशासमोर बाळाला मांडीवर घेऊन ‘बा-बा’, ‘मा-मा’ करावे, त्याने काढलेला ध्वनी त्याला परत द्यावा. एवढा खेळ पहिल्या वर्षाला पुरेसा आहे.

बाजारातील तक्ते मात्र अजून ‘ऐ ऐरणीचा’, ‘औ औताचा’ येथेच आहेत. व्यापाऱ्याच्या घरातील बाळाने ना ऐरण पाहिलेली, ना औत. त्याने पाहिलेला असतो तो आजोबांचा गल्ला, तराजू, पोते, चावी. ‘ग गल्ल्याचा’, ‘त तराजूचा’ हे त्याला लगेच कळते. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. त्यांना खुशाल थांबू द्यावे. दिसायला सारखे असलेले ‘घ’ आणि ‘ध’ एकाच आठवड्यात काढू नयेत. भावनगरला 1920 साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका आणि 1945 साली बोर्डीला काम उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांनीही महागड्या साहित्यापेक्षा मुलाच्या भोवतालच्या वस्तूंवर भिस्त ठेवली होती.

बहुतेक घरे चुकतात ती पुढे. मारिया माँटेसरी यांनी एदुआर सेगँ यांच्याकडून घेतलेल्या पाठात तीन पायऱ्या आहेत. आधी ‘हा म’ असे सांगावयाचे. मग ‘म कुठे आहे?’ असे विचारून बोट ठेवू द्यावयाचे; आणि फार नंतर ‘हे कोणते अक्षर?’ असे विचारावयाचे. पाहुणे आले, की घरातील मंडळी थेट तिसऱ्या पायरीवर उडी घेतात. ‘काकांना म्हणून दाखव!’ बाळ गप्प राहते, सगळे हिरमुसतात आणि दुसऱ्या दिवशी ते ताटाजवळ येत नाही. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडल्यावर व्याज कापले जाते, हे ज्यांना पक्के ठाऊक आहे, तीच मंडळी येथे घाई करतात.

थोडी खबरदारी हवी. लोहचुंबकाची सुटी अक्षरे तीन वर्षांखालील मुलाच्या हाती मुळीच देऊ नयेत. चुंबक पोटात गेल्यास जिवावर बेतते. पेन्सिलीची घाई नको, बोटच पुरे. मोबाइलवरील अक्षरगीते हा पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत एक वर्षाखालील बाळाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये, असे म्हटले आहे.

एक वाद मात्र अनेक घरांत होतो. सून हौसेने अक्षरांची फोमची चटई आणते. आजी म्हणतात, अक्षरावर पाय पडणे ही ज्ञानाची आशातना. अक्षरांच्या आकाराची बिस्किटेही त्यांना चालत नाहीत. सुनेला हे जुनाट वाटते, परंतु आजींचे म्हणणे मोडीत काढण्याजोगे नाही; अक्षर ही जपण्याची वस्तू आहे, हे बाळ अशाच प्रसंगातून शिकते. अशा घरांनी चटईचे तुकडे सुटे करून भिंतीवर, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावेत. रांगणारे बाळ भिंतीला धरून उभे राहते, ‘ब’वर थाप मारते आणि आजींकडे वळून पाहते.