तद्विद्यसंभाषा आणि दूरस्थ मार्गदर्शन

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत. पहिली मैत्रीची, दुसरी जिंकण्याच्या ईर्ष्येची. व्यवसायात उपयोगी पडते ती पहिली. आज ती दृक्श्राव्य माध्यमातूनही करता येते.

अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठातील यकृतविकारतज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. ग्रामीण भागातील व तुरुंगांतील डॉक्टर आपले हेपॅटायटिस-सीचे रुग्ण दूरस्थ सभेत मांडत आणि तज्ज्ञांसह सर्व सहकारी त्यावर चर्चा करीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचारयशाचे प्रमाण विद्यापीठाच्या चिकित्सालयात ५७.५ टक्के, तर या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के आढळले.

आपल्याकडे स्नेहपाकाचे उदाहरण घ्यावे. तैलपाकातील फेनोद्गम व घृतपाकातील फेनशांती पडद्यावर दिसते. कल्काची वर्ती अग्नीत टाकल्यावर चटचट आवाज होतो की नाही, हेही ऐकू येते. मात्र वर्ती बोटांत कशी वळते, गंध कसा आहे, हे तेथील कर्मचाऱ्यानेच जाणले पाहिजे. नाडीपरीक्षेचेही तसेच. म्हणून नवोदिताने प्रथम काही पाक ज्येष्ठांच्या सान्निध्यात करावेत; दूरस्थ मार्गदर्शन त्यानंतर फलद्रूप होते.

सभेत रुग्णाची ओळख गुप्त ठेवावी आणि अंतिम निर्णय उपचार करणाऱ्या वैद्याचाच मानावा. ज्येष्ठांनी उपहास टाळावा. शंका मनातच राहिली, तर तिचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतात.