लष्करी आरोग्यनोंदींचे संगणकीकरण : अंदाजपत्रकात न आलेला खर्च

सैनिकाच्या जखमेची पहिली नोंद लष्करी रुग्णालयात होते. निवृत्तीनंतरचे उपचार मात्र दुसऱ्याच खात्याकडे जातात. अमेरिकेत ही दोन खाती म्हणजे संरक्षण विभाग आणि माजी सैनिक व्यवहार विभाग. दोहोंच्या नोंदी एकाच संगणकप्रणालीत याव्यात, या हेतूने माजी सैनिक विभागाने मे २०१८ मध्ये सर्नर कंपनीशी दहा वर्षांचा, कमाल १० अब्ज डॉलरचा करार केला. संरक्षण विभागाने हीच प्रणाली २०१५ मध्ये निवडली होती.

माजी सैनिक विभागाचा मूळ अंदाज सुमारे १६ अब्ज डॉलरचा होता. करार, पायाभूत सुविधा व व्यवस्थापन एवढ्या बाबी त्यात धरल्या होत्या. परंतु रुग्णालयांच्या इमारती जुन्या. नव्या यंत्रणेसाठी तारा, वीजपुरवठा, शीतकरण, यंत्रे ठेवण्याच्या खोल्या, सारेच नव्याने करावे लागणार होते. विभागाच्या महानिरीक्षकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की, इमारतीसंबंधीच्या कामांचा अंदाज २.६ अब्ज डॉलरपर्यंत कमी धरला गेला असावा. शिवाय इतर कार्यालयांच्या निधीतून होणारा खर्च प्रकल्पाच्या अंदाजात दाखविलाच नव्हता. लेखाशीर्ष निराळे असले, तरी पैसा त्याच तिजोरीतला, हे कोणाही अंदाजपत्रक करणाऱ्यास सांगावयास नको.

पुढे इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स ॲनालिसेस या संस्थेने २०२२ मध्ये स्वतंत्र अंदाज केला. उभारणीस १३ वर्षे व ३२.७ अब्ज डॉलर, त्यानंतरच्या १५ वर्षांच्या देखभालीस १७.१ अब्ज, एकूण ४९.८ अब्ज डॉलर. दोन आकड्यांतील फरक केवळ महागाईचा नाही. दुसऱ्या अंदाजात देखभालीची वर्षेही मोजली होती.

वेळापत्रकाचीही तीच गत झाली. एप्रिल २०२२ च्या अहवालानुसार, विलंबाच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे १.९५ अब्ज डॉलर जादा लागण्याचा संभव होता. तथापि घाईचीही किंमत असते. स्पोकेन येथील रुग्णालयात ऑक्टोबर २०२० मध्ये प्रणाली सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांच्या हजारो सूचना संबंधित विभागाकडे न जाता कोणाच्याही नजरेस न पडणाऱ्या यादीत साचत राहिल्या. महानिरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे १४९ रुग्णांना त्यामुळे अपाय झाला.

एप्रिल २०२३ मध्ये, पाच रुग्णालयांनंतर, विभागाने विस्तार थांबविला. मार्च २०२४ मध्ये उत्तर शिकागो येथील दोन्ही खात्यांच्या संयुक्त रुग्णालयात प्रणाली बसविण्यात आली. अखेरचे रुग्णालय नव्या प्रणालीवर येईपर्यंत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उगम पावलेली जुनी ‘व्हिस्टा’ प्रणालीही चालू ठेवावी लागते आणि तिच्या देखभालीचा खर्च वेगळा.