एक लॅपटॉप, दोन पत्ते

लॅपटॉप शाळेच्या संगणककक्षात नीट चालतो. घरी आणून राउटरला केबल जोडली, की एकही संकेतस्थळ उघडत नाही. पडद्यावर मात्र जोडणी झाल्याची खूण दिसते. दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा सारे सुरळीत! अशा वेळी लॅपटॉप बिघडला असे समजून तो दुरुस्तीला जातो. कधी सगळी प्रणाली पुसून नव्याने भरली जाते आणि तिच्याबरोबर वर्षभर जमवलेल्या प्रश्नपत्रिकाही जातात. वास्तविक यंत्रात काहीच बिघडलेले नसते. मग घोडे अडते कोठे? लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या उदाहरणाने आपण हे समजून घेऊ.

पत्ता म्हणजे हजेरी क्रमांक

जाळ्यातील प्रत्येक संगणकाला एक आयपी पत्ता लागतो. हा पत्ता यंत्रावर कायमचा कोरलेला नसतो. तो वर्गातील हजेरी क्रमांकासारखा असतो. आठवी अ मध्ये १२ क्रमांकाचा विद्यार्थी असतो, तसा आठवी ब मध्येही असतो. वर्ग बदलला की क्रमांकही बदलतो. शाळा, घरे, कचेऱ्या यांच्या अंतर्गत जाळ्यांसाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. १९९६ साली नक्की झालेल्या नियमानुसार १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. म्हणूनच असंख्य घरांत एकच पत्ता सुखाने नांदतो.

हा क्रमांक मिळण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत लॅपटॉप जाळ्यात येताच क्रमांक मागतो आणि राउटर तो ठरावीक मुदतीसाठी देतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. दुसऱ्या रीतीत आपण क्रमांक हाताने लिहून ठेवतो. कोणते यंत्र कोठे आहे हे कायम ठाऊक असावे, म्हणून काही संगणककक्षांत ही दुसरी रीत वापरतात.

घरी काय घडते?

समजा, शाळेत आपण लॅपटॉपला १९२.१६८.१०.२५ हा पत्ता हाताने दिला. बाहेर जाण्याचे दार, म्हणजे तेथील राउटर, १९२.१६८.१०.१ या पत्त्यावर आहे. घरचा राउटर मात्र १९२.१६८.१.१ वर आहे. घरी केबल जोडल्यावर लॅपटॉप विचारतो, “१९२.१६८.१०.१ कोण आहे?” त्या क्रमांकाचे घरी कोणीच नाही, उत्तर येत नाही. तारेतून विद्युत्संकेत येतात, म्हणून जोडणीची खूण दिसते. पण दार सापडत नाही, म्हणून बाहेर जाता येत नाही.

प्रोफाइल : जागेची आठवण

उबंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्स प्रणालींत हे सारे सांभाळण्याचे काम नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्रॅम करतो. रेड हॅट कंपनीने २००४ साली त्याची सुरुवात केली. प्रत्येक जोडणीची माहिती तो एका प्रोफाइलमध्ये लिहून ठेवतो : पत्ता कसा मिळवायचा, दार कोणते, सांकेतिक शब्द कोणता, जोडणी आपोआप करायची की नाही.

वायफायच्या बाबतीत गोंधळ कमी होतो, कारण प्रत्येक वायफाय आपले नाव हवेत जाहीर करत असते. नाव ओळखून लॅपटॉप योग्य प्रोफाइल काढतो. केबलला मात्र नाव नसते! शाळेची तार आणि घरची तार लॅपटॉपला सारखीच. ‘वायर्ड कनेक्शन १’ या आयत्या प्रोफाइलमध्ये शाळेचा पत्ता लिहिला, की तोच घरीही लागू होतो. आपल्या अडचणीचे मूळ येथे आहे.

उपायही यातूनच निघतो. असलेले प्रोफाइल दरवेळी खोडून बदलायचे नाही. जागा तितकी प्रोफाइल करायची. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘वायर्ड’शेजारच्या अधिक चिन्हाने नवे प्रोफाइल तयार होते. एकाला ‘घर’ म्हणावे, पत्ता आपोआप घेण्यास सांगावे आणि आपोआप जोडणी चालू ठेवावी. दुसऱ्याला ‘शाळा’ म्हणावे, त्यात हाताने दिलेला पत्ता लिहावा आणि आपोआप जोडणी बंद ठेवावी. शाळेत गेल्यावर ‘शाळा’ निवडावे, की झाले. यंत्राला जे कळत नाही ते आपण सांगायचे, एवढाच याचा अर्थ.

याहून सोपी एक वाट आहे. बहुतेक राउटरमध्ये विशिष्ट यंत्रासाठी विशिष्ट पत्ता राखून ठेवता येतो. शाळेच्या राउटरवर ही सोय केली, तर लॅपटॉप दोन्हीकडे आपोआपच पत्ता घेईल आणि एकच प्रोफाइल पुरेल.

आठवणी पुसायलाही हव्यात

नावावरून ओळखण्यात एक धोकाही आहे. स्थानकावरील सांकेतिक शब्द नसलेले वायफाय एकदा वापरले, की त्याचे प्रोफाइल उरते. पुढे कोणीही त्याच नावाचे खुले वायफाय सुरू केले, तर लॅपटॉप त्याला जुना ओळखीचा समजून आपणहून जोडला जाऊ शकतो. अशी प्रोफाइल काम झाल्यावर काढून टाकावीत.

दुसरी गोष्ट, प्रोफाइलमधील वायफायचे सांकेतिक शब्द पुष्कळदा डिस्कवर साध्या वाचनीय अक्षरांत असतात. ती फाइल फक्त यंत्राच्या मुख्य प्रशासकाला वाचता येते हे खरे. पण लॅपटॉप दुसऱ्याला दिला, की प्रशासकही तोच होतो. म्हणून यंत्र हाती देण्यापूर्वी प्रोफाइल पुसणे अगत्याचे.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांना टर्मिनल उघडून ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ ही आज्ञा द्यायला सांगा. ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायची. सगळ्या प्रोफाइलची यादी दिसेल. मग ‘शो’च्या आधीच्या शब्दाऐवजी ‘डिव्हाइस’ लिहा. आता यंत्राचा पत्ता आणि दाराचा म्हणजे ‘गेटवे’चा पत्ता मिळेल. दोन्ही फळ्यावर लिहून पाहिले, की सुरुवातीचे आकडे जुळतात की नाही ते दिसते. शेवटी ‘पिंग’ ही आज्ञा दाराच्या पत्त्यासह द्या. उत्तर आले, तर दारापर्यंतचा रस्ता मोकळा आहे आणि अडचण असलीच तर ती पलीकडे आहे. न आल्यास, लॅपटॉप दुरुस्तीला पाठवण्याआधी कोणते प्रोफाइल चालू आहे ते एकदा पाहा.