शंभरातले चार जणही देश सोडत नाहीत

2024च्या मध्यावर जन्मदेशाबाहेर राहणारे लोक जगात 30 कोटी 40 लाख होते, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. 1990मध्ये ते 15 कोटी 40 लाख होते. संख्या जवळपास दुप्पट झाली. पण या काळात जगाची लोकसंख्याही सुमारे 530 कोटींवरून 820 कोटींच्या घरात गेली. त्यामुळे स्थलांतरितांचे प्रमाण 2.9 टक्क्यांवरून 3.7 टक्क्यांवरच आले आहे. शंभरातले 96 जण आजही जन्मदेशातच राहतात.

जे जातात, ते मोजक्या देशांत एकवटतात. अमेरिकेत 5 कोटी 24 लाख, जर्मनीत 1 कोटी 68 लाख, सौदी अरेबियात 1 कोटी 37 लाख स्थलांतरित आहेत. संयुक्त अरब अमिरातीत दर चार रहिवाशांपैकी सुमारे तीन परदेशात जन्मलेले आहेत.

युद्ध आणि छळामुळे घर सोडावे लागलेल्यांचे चित्र वेगळे आहे. 2024च्या अखेरीस असे 12 कोटी 32 लाख लोक होते. त्यांपैकी 7 कोटी 35 लाख स्वतःच्याच देशात विस्थापित होते. सीमा ओलांडणारे बहुतेक जण शेजारच्या देशातच थांबतात. इराणने 35 लाख, तुर्कस्तानने 29 लाख निर्वासित सांभाळले. म्हणजे हा भार मुख्यतः श्रीमंत देशांवर पडतो, हा समज खरा नाही.

परदेशी राहणाऱ्यांत सर्वाधिक, 1 कोटी 85 लाख, भारतीय आहेत. त्यांच्या पैशाची वाटही बदलली. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2016-17मध्ये भारतात येणाऱ्या रकमेत अमिरातीचा वाटा 26.9 टक्के आणि अमेरिकेचा 22.9 टक्के होता. 2023-24मध्ये अमेरिका 27.7 टक्क्यांवर गेली, अमिराती 19.2 टक्क्यांवर उतरली. आखाती मजुरीपेक्षा संगणक, आरोग्य अशा क्षेत्रांतल्या कुशल नोकऱ्यांचे वजन वाढल्याचा हा परिणाम. राज्यांमध्ये महाराष्ट्र 20.5 टक्क्यांसह पहिला, केरळ 19.7 टक्क्यांसह दुसरा.

तरीही आखातात जाणाऱ्या मजुराचा हिशेब या टक्केवारीत दिसत नाही. दहावी न झालेल्याला नोकरीसाठी 18 देशांत जाताना सरकारी मंजुरी लागते. नोंदणीकृत एजंटाने सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घ्यावे, असा नियम आहे. बेकायदा एजंट मात्र दोन ते पाच लाख उकळतात. ही रक्कम बहुतेकदा कर्जाने उभी राहते आणि परदेशातली पहिली कमाई ते फेडण्यातच जाते. पुढे घरी पैसे पाठवतानाही कात्री लागते: 200 डॉलर पाठवण्याचा जागतिक सरासरी खर्च सुमारे 13 डॉलर आहे. 2030पर्यंत तो 3 टक्क्यांच्या खाली, म्हणजे 6 डॉलरच्या आत आणण्याचे उद्दिष्ट जगाने मान्य केले आहे.

स्थलांतर थांबवण्याच्या चर्चेत जेवढी शक्ती खर्च होते, तिच्यातला थोडा भाग जरी हे दोन खर्च कमी करण्याकडे वळला, तरी लाखो घरांच्या हातात थेट पैसा उरेल.